वेष्टनावरील आकडा कोणी मोजला?

रत्नागिरीच्या बाजारपेठेतील साध्या किराणा दुकानदारालाही आपला काटा ठराविक मुदतीने वैधमापन खात्याकडून तपासून घ्यावा लागतो, त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. काटा खोटा निघाला तर तो शिक्षेस पात्र ठरतो. हा नियम योग्यच आहे. ग्राहकाच्या हाती माप तपासण्याचे साधन नसते, म्हणून ते काम समाजाने शासनाकडे सोपविले आहे. परंतु त्याच दुकानाच्या शीतकपाटात मांडलेल्या ऊर्जापेयाच्या बाटलीवर कॅफीनचा जो आकडा छापलेला असतो तो कोणी मोजला, असे विचारले तर दुकानदाराला उत्तर देता येत नाही आणि शासनालाही ते चटकन देता येईल असे नाही. शंभर ग्रॅम जिऱ्याचे माप शासन तपासते. मेंदू आणि हृदय यांवर परिणाम करणाऱ्या द्रव्याचे माप मात्र ते द्रव्य विकणाऱ्याच्याच शब्दावर सोडून दिले जाते.

गेल्या काही वर्षांत ‘ऊर्जा’ या शब्दाला बाजारात मोठा भाव आला आहे. ऊर्जापेयाची बाटली वीस रुपयांच्या आसपास मिळू लागल्यापासून ती मारुती मंदिर, माळनाका, एस. टी. स्थानक अशी कोठेही, अगदी टपरीवरसुद्धा दिसते. आता तीच ‘ऊर्जा’ च्युइंगमच्या वडीत भरून विकली जात आहे. ती दुकानात नसली तर भ्रमणध्वनीवरून मागविता येते आणि दापोली-राजापूरपर्यंत घरपोच येते. वेष्टनावर तरतरी, एकाग्रता, चपळता यांची आश्वासने असतात आणि सोबत एक आकडा असतो : एका वडीत अमुक मिलिग्रॅम कॅफीन.

यातील पहिला दावा तर शब्दाचाच आहे. शास्त्राच्या भाषेत अन्नातील ऊर्जा म्हणजे उष्मांक. ती भाकरीत असते, शेंगदाण्यात असते, गुळात असते. कॅफीनमधून ती मिळत नाही. श्रमाबरोबर आणि जागरणाबरोबर मेंदूत अ‍ॅडिनोसीन नावाचे द्रव्य साचत जाते आणि ते झोपेची सूचना देते. कॅफीन त्या द्रव्याच्या जागा अडवून बसते, म्हणून सूचना पोहोचत नाही. थकवा जिथल्या तिथे राहतो, फक्त त्याची जाणीव पुढे ढकलली जाते. उसनवारीला उत्पन्न म्हणावे तसा हा प्रकार आहे. दुसरा दावा आकड्याचा. तो खरा आहे की खोटा हे ठरविण्याचे काम कोणाचे, हा या लेखाचा विषय आहे.

मात्रेचा प्रश्न

चहा-कॉफी पिणाऱ्या महाराष्ट्राला कॅफीनचा बागुलबुवा दाखविण्याचे कारण नाही. पहाटेच्या चहावाचून कोकणातील कोणत्याही घराचा दिवस उजाडत नाही. परंतु चहाचा कप डोळ्यांसमोर असतो, तो गरम असतो, तो प्यावयास वेळ लागतो आणि तो किती प्यावा याचा अंदाज पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने बांधलेला असतो. च्युइंगमच्या वडीला यांपैकी एकही लगाम नाही. ती खिशात मावते आणि वर्गात बसूनही चघळता येते. त्यातील कॅफीन लाळेत उतरून काही अंशी तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जाते. म्हणून गोळीच्या तुलनेत त्याचा परिणाम लवकर जाणवतो. अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेच्या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसून आले होते.

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये दिलेल्या मतानुसार निरोगी प्रौढ माणसाने एका दिवसात ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घेतल्यास चिंतेचे कारण नसते. मुलांच्या बाबतीत हे प्रमाण शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅम इतके धरले जाते. आता हिशेब करावा. तीस किलो वजनाच्या मुलाची मर्यादा ९० मिलिग्रॅम. भारतीय मानकांनुसार कॅफीनयुक्त पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते. म्हणजे कमाल प्रमाणाच्या २५० मिलिलिटर बाटलीत ७५ मिलिग्रॅम झाले. ती बाटली छापील आकड्याप्रमाणे असेल तर मूल मर्यादेच्या आत राहते. ती वीस टक्क्यांनी अधिक भरली तर एकाच बाटलीत मर्यादा संपते. त्यावर चाळीस मिलिग्रॅमची एक वडी चघळली की मूल तिच्या कितीतरी पलीकडे गेले. आकड्यातील चूक ही छपाईची किरकोळ चूक नव्हे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

आणि आकडे चुकतात. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या नियतकालिकाने २०१२ मध्ये २७ ऊर्जापेये तपासली. त्यांतील ११ पेयांच्या वेष्टनावर कॅफीनचे प्रमाणच दिलेले नव्हते, आणि ज्यांनी ते दिले होते त्यांतील पाच पेयांत ते छापील आकड्यापेक्षा सरासरी वीस टक्क्यांहून अधिक निघाले. २०१३ मध्ये अमेरिकी लष्करी तळांवर विकल्या जाणाऱ्या पूरक आहारपदार्थांची तपासणी झाली. तेव्हाही काही पदार्थांत छापील आकड्याच्या जेमतेम पाव हिस्सा कॅफीन आढळले, तर काहींनी आकडा न छापताच मोठी मात्रा भरली होती. जेथे ग्राहक संघटित आहे, न्यायालये जागी आहेत आणि प्रयोगशाळांची वाण नाही, तेथील ही अवस्था आहे.

च्युइंगमच्या बाबतीत तर काय मोजावयाचे हाच प्रश्न आधी सोडवावा लागतो. पेय सरळ यंत्रात घालता येते. च्युइंगमचा चिकट गाभा पाण्यात विरघळत नाही, तो आधी योग्य द्रावकात सैल करून मग त्यातून कॅफीन काढून घ्यावे लागते. शिवाय वडीत असलेले सगळे कॅफीन चघळणाऱ्याच्या शरीरात जातेच असे नाही. काही भाग थुंकलेल्या चोथ्यात राहतो. म्हणून वडीत भरलेली मात्रा आणि चघळताना सुटणारी मात्रा असे दोन आकडे मोजावे लागतात. युरोपीय औषधसंहितेत औषधी च्युइंगमसाठी चावण्याची क्रिया करणारे यंत्र वापरून द्रव्य किती वेगाने सुटते हे तपासण्याची पद्धत घालून दिलेली आहे. म्हणजे तपासणी अशक्य आहे, ही सबब टिकणारी नाही. ती खर्चिक आणि कष्टाची आहे एवढेच खरे, आणि हा खर्च कोणी करावयाचा हाच खरा वाद आहे.

बाहेर जाणाऱ्या मालाची झडती, आत येणाऱ्याला मोकळीक

तपासणीचा अर्थ काय असतो हे रत्नागिरीच्या बागायतदाराला कोणी शिकविण्याची गरज नाही. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात बंद केली, कारण २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी आढळल्या होत्या. ऐन हंगामात हापूसच्या पेट्यांना युरोपचे दार बंद झाले. २०१५ च्या आरंभी ही बंदी उठली. ती उठली ती निर्यातीपूर्वीच्या प्रक्रियेची आणि तपासणीची व्यवस्था सुधारल्यानंतर. अमेरिकेत जाणाऱ्या आंब्यावर विकिरणप्रक्रिया करावी लागते. येथील मासळी कारखान्यांतून परदेशी जाणाऱ्या कोळंबीत प्रतिजैविकांचे अवशेष आहेत काय हे पाहिले जाते. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाचा अधिकृत वापर करावयाचा तर बागायतदाराला आधी नोंदणी करावी लागते, आपली बाग कोठे आहे हे दाखवावे लागते.

याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पुराव्याचा भार विकणाऱ्याने वाहावा हे तत्त्व न्याय्यच आहे. प्रश्न एवढाच की हे तत्त्व एकाच दिशेने का वाहते? रत्नागिरीतून बाहेर जाणारी प्रत्येक पेटी युरोपच्या ग्राहकासाठी उघडली जाते, आणि रत्नागिरीत येणारी बाटली व वडी येथील शाळकरी मुलासाठी कोणी उघडून पाहत नाही. लंडनच्या ग्राहकाची जीभ आणि राजापूरच्या मुलाचे हृदय यांत हा भेद कोणी केला? तो निसर्गाने केलेला नाही. क्रयशक्ती जेथे आहे तेथे तपासणी पोहोचते आणि जेथे ती नाही तेथे जाहिरात पोहोचते, हा बाजाराचा नियम आहे. तो बदलण्यासाठीच लोकशाही शासन असते.

कायदा आहे, हात नाहीत

कायदा नाही असे म्हणून शासनाला सुटता येणार नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या कलम २४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे, आणि पदार्थाच्या गुणाची हमी शास्त्रीय आधारावर दिली आहे असा बचाव कोणी घेतला तर तो सिद्ध करण्याची जबाबदारी बचाव घेणाऱ्यावरच टाकली आहे. मिथ्याछाप पदार्थाला ३ लाख आणि फसव्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने नमुना पाठविल्यावर अन्न विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावा असे बंधन आहे. सर्वांत महत्त्वाचे कलम ४०. त्यानुसार सामान्य खरेदीदारालाही, विकत घेताना तसे विक्रेत्याला सांगून, शुल्क भरून पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. पदार्थ कायद्याला धरून नाही असे निघाले तर शुल्क परत मिळण्याचीही सोय आहे. एवढा मोठा अधिकार कायद्याने दिला आणि तो आहे हे जनतेला सांगावयाचे तेवढे राहून गेले!

मग अडते कोठे? भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात त्याचे उत्तर दिले. राज्यांच्या ७२ अन्न प्रयोगशाळांपैकी ६५ प्रयोगशाळांना एनएबीएलची मान्यताच नव्हती. त्यानंतर काही प्रयोगशाळांचे आधुनिकीकरण झाले हे मान्य केले पाहिजे. परंतु मान्यता नसलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल काय कामाचा असतो, याचा धडा त्याआधी दोनच वर्षे मुंबई उच्च न्यायालयात मिळाला होता. जून २०१५ मध्ये मॅगी नूडल्सवर बंदी आली. शिशाचे प्रमाण आणि वेष्टनावरील ‘एमएसजी घातलेले नाही’ हा दावा असे दोन मुद्दे होते. १३ ऑगस्ट २०१५ रोजी न्यायालयाने बंदी रद्द केली. कंपनीला आपली बाजू मांडण्याची संधी दिली गेली नव्हती, आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांना कायद्याला आवश्यक अशी मान्यता नव्हती, ही त्याची कारणे होती. न्यायालयाच्या आदेशाने मोहाली, हैदराबाद आणि जयपूर येथील मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी झाली, तीत माल उत्तीर्ण झाला आणि नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा दुकानांत आला.

या प्रकरणातून कोणी ‘शासनाने उद्योगांना छळले’ असा निष्कर्ष काढतो, कोणी ‘कंपनी निसटली’ असा. दोन्ही निष्कर्ष अपुरे आहेत. दुकानदाराचा काटा तपासणाऱ्या शासनाचा स्वतःचा काटा तपासलेला नव्हता, हा त्यातला बोध आहे. दुबळी तपासणी ही तपासणी नसण्यापेक्षाही वाईट, कारण तिच्यामुळे दोषी असेल तो सुटतो, निर्दोष असेल तो बदनाम होतो आणि ग्राहकाला शेवटपर्यंत सत्य कळत नाही.

मीटरने मोजलेले उत्तर

जुलै २०२४ मध्ये तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत शाळांपासून ५०० मीटरच्या आत अधिक कॅफीनच्या ऊर्जापेयांची विक्री बंद करण्याचे जाहीर केले. हेतू चांगला होता. लिथुएनियाने २०१४ मध्ये आणि पोलंडने २०२४ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना ऊर्जापेये विकण्यास बंदी केली, तेव्हा अशी पावले जगात इतरत्रही पडत आहेत. परंतु पोलंडची बंदी वयावर आहे, ही अंतरावर. रत्नागिरीसारख्या शहरात मुले शाळेत चालत, सायकलने, एस. टी. ने येतात. पाचशेएकाव्या मीटरवरची टपरी त्यांच्या वाटेवरच असते. आणि च्युइंगमचे पाकीट तर घराच्या दारात येते. अंतराची बंदी दिसावयास कठोर असते आणि अंमलात आणावयास सोपी, म्हणून ती शासनाला आवडते. बाटलीत काय आहे ते मोजणे कष्टाचे असते, ते मागे पडते. शिवाय अधिक कॅफीनचे पेय कोणते हे ठरणार कशावरून? वेष्टनावरील आकड्यावरून. म्हणजे बंदीसुद्धा कारखानदाराच्या शब्दावरच उभी राहिली!

दुसरी विसंगती करांची. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅफीनयुक्त पेयांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. तंबाखूच्या पंक्तीला बसविण्याइतका हा माल अपायकारक आहे असे शासनाला कर घेताना वाटते. मग त्या कराचा अल्पसा अंश तरी तो माल तपासण्यावर का खर्च होऊ नये? शिवाय मर्यादा घातली आहे ती पेयांना आणि लिटरच्या मापाने. वडी लिटरने मोजत नाहीत. द्रव्य तेच, परिणाम तोच आणि चघळणारा मुलगाही तोच असताना, मापाची भाषा बदलताच नियमाची पकड ढिली होते.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा घेतला जातो की स्पर्धा असली म्हणजे बाजारच खोट्याला शिक्षा करतो. अर्थशास्त्राने हा भ्रम कधीच मोडीत काढला आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक आणि घेणाऱ्याला ती अज्ञात असेल, तर खराब माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. या कार्यासाठी २००१ मध्ये त्यांना नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. कर्नाटकातील आंबा ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून विकला गेल्याने कोणाचे नुकसान होते हे येथील बागायतदाराला कोणत्याही ग्रंथावाचून समजते. तपासणी प्रामाणिक उत्पादकाच्या विरुद्ध नसते. ती त्याची ढाल असते.

दुसरा आक्षेप व्यापारी गुपिताचा. तो महाराष्ट्राला नवा नाही. १९७७ मध्ये जनता राजवटीत उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी परकीय चलन नियमन कायद्यानुसार कोका-कोला कंपनीला भागभांडवलातील आपला वाटा कमी करण्यास आणि तांत्रिक ज्ञान भारतीय कंपनीला देण्यास सांगितले, तेव्हा सूत्र उघड करण्यापेक्षा कंपनीने देश सोडणे पसंत केले. राजापूर मतदारसंघातून निवडून गेलेले प्रा. मधु दंडवते त्या वेळी त्याच मंत्रिमंडळात रेल्वेमंत्री होते. १९९३ मध्ये कंपनी परतली. त्या धोरणाबद्दल मतभेद असू शकतात. परंतु येथे सूत्र कोणी मागतच नाही. चव कशाने येते ते कंपनीने खुशाल तिजोरीत ठेवावे. मुलाच्या शरीरात किती मिलिग्रॅम कॅफीन जाते, हे मात्र कोणाचेही गुपित असू शकत नाही.

तिसरा आक्षेप अधिक सहानुभूतीने ऐकला पाहिजे. अशा नियमांचा बडगा शेवटी कोकमसरबत, आंबावडी, फणसपोळी करणाऱ्या महिला बचत गटांवरच पडतो, मोठे कारखाने वकिलांच्या फौजेआड सुरक्षित राहतात, असे म्हटले जाते. ही भीती निराधार नाही. म्हणूनच मागणी नेमकी असली पाहिजे. जो वरून कॅफीन घालतो आणि त्याच्या बळावर गुणाचा दावा करतो, त्यानेच पुरावा द्यावा. कोकमसरबत करणारी बाई एकाग्रतेचे आश्वासन देत नाही, तिला या नियमाशी कर्तव्य नाही.

चौथा आक्षेप नीतीचा : पालकांनी लक्ष द्यावे. पालकांनी लक्ष द्यावे हे खरेच, परंतु कशावर? चुकीच्या आकड्यावर लक्ष देऊन पालक काय साधणार? जबाबदारीचे ओझे टाकावयाचे त्याच्या हाती आधी माहिती द्यावी लागते. वेष्टनावरील इशारे बारीक टाइपात आणि बहुधा इंग्रजीत असतात. ज्या मराठी पालकाने ते वाचावेत अशी अपेक्षा आहे, त्याच्या भाषेत ते छापण्याची तसदी घेतली जात नाही.

जागरण कोणासाठी?

या सर्वांच्या मुळाशी आणखी एक प्रश्न आहे. जास्त कॅफीनचे च्युइंगम घडविले गेले ते सैनिकांना रात्रपाळीत जागे ठेवण्यासाठी. अमेरिकी लष्कराच्या संशोधनातून आलेल्या त्या वडीत १०० मिलिग्रॅम कॅफीन असते. युद्धभूमीवरचे साधन नागरी बाजारात आणताना कारखानदाराने नवे रणांगण शोधले. रिगले कंपनीने २०१३ मध्ये अमेरिकेत ४० मिलिग्रॅमची वडी बाजारात आणली, तेव्हा तेथील अन्न व औषध प्रशासनाने खाद्यपदार्थांत वरून घातल्या जाणाऱ्या कॅफीनची, विशेषतः मुलांवरील परिणामांची, चौकशी जाहीर केली. ८ मे २०१३ रोजी कंपनीने त्या मालाचे उत्पादन थांबविले. शासनाने नुसता प्रश्न विचारला तरी काय घडू शकते याचे ते उदाहरण आहे.

येथे हे रणांगण कोणते? मुंबई-गोवा महामार्गावर रात्रभर मालमोटार हाकणारा चालक, मासळी कारखान्यात आणि लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांत पाळ्या करणारा कंत्राटी कामगार, घरोघर सामान पोहोचविणारा तरुण, स्पर्धा परीक्षेसाठी रात्री जागविणारा विद्यार्थी. ज्यांची झोप अपुऱ्या वेतनाने, असुरक्षित नोकरीने आणि जीवघेण्या स्पर्धेने हिरावून घेतली, त्यांनाच जागरणाचे साधन विकावयाचे आणि त्याला ऊर्जा म्हणावयाचे! आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी कामगार चळवळीने रक्त सांडले. तो दिवस कायद्याच्या पुस्तकात शाबूत ठेवून वडीच्या वाटेने लांबविता येतो, हे नव्या भांडवलशाहीचे चातुर्य आहे. आकड्याची पडताळणी झाल्याने हा मूळ अन्याय दूर होणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्याला जागावेच लागते त्याला निदान आपण काय आणि किती घेतो हे कळण्याचा हक्क आहे. तेवढाही हक्क मिळवून न देणाऱ्या चळवळीवर मोठ्या हक्कांच्या बाबतीत कोणी विश्वास का ठेवावा?

काय करावयास हवे

मागण्या साध्या आहेत. ज्या खाद्यपदार्थात वरून कॅफीन घातले आहे, मग तो पेय असो, वडी असो वा गोळी, त्याच्या दर्शनी भागावर एका नगामागे एकूण कॅफीन किती हे मोठ्या अक्षरांत आणि मराठीत छापले जावे. त्यात ग्वारानासारख्या वनस्पतींतून येणारे कॅफीनही धरावे. प्रत्येक उत्पादन-खेपेचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील अहवाल कारखानदाराने विक्रीपूर्वी सादर करावा. च्युइंगमच्या बाबतीत त्यात चघळताना सुटणाऱ्या मात्रेचाही समावेश असावा. शासनाने दुकानांतून आणि घरपोच विक्रीतूनही स्वतः नमुने विकत घ्यावेत आणि निष्कर्ष मालाच्या नावानिशी प्रसिद्ध करावेत. नावे झाकून दिलेली आकडेवारी कारखानदाराला सोयीची असते, ग्राहकाला निरुपयोगी.

परंतु शासनाकडे मागणी करून हात जोडून बसणे ही समाजवादी परंपरा नव्हे. अमेरिकेत ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ प्रसिद्ध करणारी ग्राहकसंघटना १९३६ मध्ये उभी राहिली ती एका ग्राहक-संशोधन संस्थेतील संपकरी कर्मचाऱ्यांच्या पुढाकाराने. तिचे पहिले अध्यक्ष कोल्स्टन वॉर्न हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि जाहिराती न घेता सभासदांच्या वर्गणीवर माल तपासण्याचे व्रत तिने चालविले. महाराष्ट्रात १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली, तिच्यामागेही सामान्य माणसाच्या संघटित खरेदीचाच विचार होता. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी साखरयुक्त पेयांवरील ‘ओआरएस’ या अक्षरांविरुद्ध वर्षानुवर्षे एकाकी लढा दिला, तेव्हा कोठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न प्राधिकरणाने ती अक्षरे काढण्याचा आदेश दिला. एक डॉक्टर एवढे करू शकते, तर संघटित जिल्हा काय करू शकणार नाही?

रत्नागिरी जिल्ह्यात साधनांचा दुष्काळ नाही. गोगटे-जोगळेकर महाविद्यालयासारख्या संस्थांत रसायनशास्त्र शिकविले जाते, आणि चहापत्तीतून कॅफीन वेगळे काढणे हा तर विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या प्रयोगांपैकी एक आहे. त्याच हातांनी पेय आणि वडी यांची प्राथमिक चाचणी करता येईल. ती चाचणी न्यायालयात पुरावा ठरणार नाही, परंतु कोणता नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावयाचा हे तिच्यावरून ठरविता येईल. पुढचे काम कलम ४० चे. ग्राहक संघटना, शिक्षक संघटना आणि युवक कार्यकर्ते यांनी तालुक्यातालुक्यांत वर्गणी काढावी, दुकानदाराला हेतू स्पष्ट सांगून नमुने विकत घ्यावेत, पावती घ्यावी आणि ते शुल्कासह अन्न विश्लेषकाकडे धाडावेत. दुकानदाराशी भांडण नाही, तोही या व्यवहारात अंधारातच आहे. आलेला प्रत्येक अहवाल, अनुकूल असो वा प्रतिकूल, शाळेच्या फलकावर आणि ग्रामसभेत लावला जावा. येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुक्यांतून प्रत्येकी एक जरी नमुना असा गेला, तरी अन्न व औषध प्रशासनाला त्या नऊ नमुन्यांची उत्तरे लेखी द्यावी लागतील.